एका महिन्याचें वाचन

(उपदेशकवर्गासाठीं व घरोघरच्या मंडळीसाठीं पाठ)

अभ्यासाचे उतारे : २ तीमथ्य ४:९–२१, अनुवाद १७:१८–२०, प्रेषितांचीं कृत्यें ८:२६–४०.



पौल प्रेषित रोमच्या बंदिखान्यांत आयुष्याच्या अखेरीस पोहोंचला असतां तीमथ्यास तीन वस्तु आणावयास सांगतो : त्रोवसांत कार्पाच्या घरीं राहिलेला झगा, पुस्तकें, आणि विशेषेंकरून चर्मपत्रें. थोडें पुढें तो हिवाळ्यापूर्वीं येण्याची निकड लावितो. त्यावरून झगा कशास हवा होता तें कळतें. पुस्तकें कशास हवीं होतीं हें मात्र तो सांगत नाहीं. तीमथ्यास तें सांगावें लागत नव्हतें. ज्यास आपला निघण्याचा समय जवळ आला हें ठाऊक आहे, ज्याच्या पत्रांवर आज आपण उपदेश करितों, तो मनुष्य थंडीच्या पांघरुणाच्या जोडीस पुस्तकें मागतो. ह्या वचनावर कोणीं उपदेश केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

कारण उघड आहे. वाचनाची गोष्ट निघाली कीं खेड्यांतील आपला बंधु म्हणतो, ‘पाळकसाहेब, वेळ कोठें आहे?’ आणि तो खोटें बोलत नसतो. पहाटे गुरें, मग आपलें शेत किंवा दुसऱ्याच्या बांधावर मजुरी, सायंकाळीं दोन वस्त्यांवर प्रार्थना, आठवड्यास एखादें मरण नाहीं तर एखादें भांडण, आणि महिन्याअखेर अहवाल. ह्यांत ग्रंथ वाचावयाचा कोणीं आणि केव्हां? शहरांत दिवे आहेत, ग्रंथालयें आहेत, तेव्हां शहरांतल्यांनीं वाचावें, असा समज सर्वत्र झाला आहे.

परंतु अनुवादाच्या सतराव्या अध्यायांत देव इस्राएलाच्या राजास काय आज्ञा करितो तें पाहा. राजानें गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठीं लिहून घ्यावी, ती आपल्याजवळ ठेवावी व आयुष्यभर दररोज वाचावी. राजापाशीं लढाया, न्यायनिवाडे, वसूल हीं कामें असतात, हें देवास ठाऊक नव्हतें काय? तरी त्यानें ‘वेळ मिळेल तेव्हां वाच’ असें म्हटलें नाहीं. तसाच तो कूशी षंढ. राणीचा सारा खजिना त्याच्या हातीं. इतक्या जबाबदारीचा माणूस रथांत बसून यशया वाचीत चालला होता, आणि मोठ्यानें वाचीत होता, कारण फिलिप्पानें तें ऐकिलें. त्यास प्रवास करावयाचाच होता. त्यानें त्या प्रवासास वाचन जोडिलें. आजच्या पाठाचें सूत्र एवढेंच आहे. वेळ सांपडत नसतो. दिवसांतील जें काम चुकत नाहीं त्यास वाचन बांधून टाकावें लागतें.

मी ज्या भागांत सेवा करितों तो गिरगांवापासून दादर, परळ, लालबागपर्यंतचा मुंबईचा जुना भाग आहे. तेथें वेळ कोणासच नाहीं, आणि जागा तर त्याहूनहि नाहीं. तरी ह्याच भागानें वाचनाचे असे दाखले दिले आहेत कीं खेड्यांतल्या उपदेशकानें ते लक्षांत ठेवावे.

पहिला दाखला परळचा. डॉ. भीमराव आंबेडकर शाळेंत असतां त्यांचें कुटुंब परळ भागांतील एका चाळींत एका खोलींत राहत असे. स्वयंपाक, भांडीं, सरपण, निजणें, बसणें सर्व तेथेंच. अभ्यासाची जागा म्हणून वेगळी अशी नव्हतीच. तेव्हां त्यांचे वडील सुभेदार रामजी ह्यांनीं एक युक्ति केली. मुलानें रात्रीं लवकर निजावें, वडिलांनीं जागें राहावें, दोन वाजतां मुलास उठवावें आणि त्यानें सोडिलेल्या जागीं आपण आडवें व्हावें. मग रॉकेलच्या दिव्याशीं मुलगा उजाडेपर्यंत वाची. पाहा, ज्या अडचणीमुळें दुसऱ्या घरांत पुस्तक मिटलें असतें, तीच अडचण ह्या घरांत वाचनाची घंटा झाली. बापाची झोंप व मुलाचें पुस्तक एकमेकांस बांधिलीं गेलीं. पुस्तकास पैसा नसे तेव्हां हा बाप आपल्या विवाहित मुलींकडे जाऊन उसनें मागे, आणि प्रसंगीं त्यांचे दागिने गहाण ठेवी. पुढें हाच मुलगा परदेशांतून पदव्या घेऊन आला, आणि दादरच्या हिंदु कॉलनींत त्यानें ‘राजगृह’ बांधिलें तें मुख्यतः आपल्या ग्रंथांस घर पाहिजे म्हणून.

दुसरी गोष्ट गिरगांवाजवळची आहे, व ती मला अधिक टोंचते. शाळा सुटल्यावर हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेंत जाऊन वाचीत बसे. त्याच बागेंत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे विल्सन शाळेंत शिकविणारे शिक्षक व ग्रंथकार येत असत. एक मुलगा रोज एकटाच पुस्तक घेऊन बसतो हें त्यांनीं पाहिलें, त्याची विचारपूस केली, त्यास वाचावयास पुस्तकें दिलीं. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला तेव्हां अभिनंदनाच्या सभेंत त्यांनीं स्वतः मराठींत लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्याच्या हातीं ठेविलें. १९५६ सालीं नागपुरास काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे, आणि आपण बुद्धाकडे वळण्याचें मूळ त्या पुस्तकांत आहे हें डॉ. आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. त्यांनीं घेतलेला मार्ग आपला नव्हे. परंतु एका शिक्षकानें एका मुलास दिलेलें एक पुस्तक ४९ वर्षांनीं लाखों माणसांच्या जीवनांत उगवून आलें, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनीं बसून विचार करावा अशी आहे. आपल्या गांवांतही देवळाच्या पायरीवर किंवा शाळेच्या ओट्यावर वाचीत बसणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल. त्याच्या हातीं आपण आजवर काय दिलें? शब्बाथशाळेच्या बक्षिसांत आपण स्टीलच्या वाट्या देतों.

लालबाग-परळच्या गिरण्यांविषयीं थोडेंसें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. आतां तेथें भोंगे नाहींत, उंच इमारती आहेत. पण त्या गिरणगांवानें लिहिणारीं-वाचणारीं माणसें दिलीं. नारायण सुर्वे ह्यांस तान्हेपणीं टाकून दिलें होतें. गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणीकामगारानें त्यांस घरीं नेऊन वाढविलें. ते शाळेंत शिपाई झाले, पुढें शिक्षक झाले, आणि १९६२ सालीं त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला. वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे शाळेंत जेमतेम दीड दिवस बसले असें सांगतात. मुंबईस आल्यावर दुकानांच्या पाट्या व सिनेमाच्या जाहिराती वाचून त्यांनीं अक्षर पक्कें केलें, आणि १९५९ सालीं ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली. रस्त्यानें चालावयाचेंच आहे, तर पाटी वाचीत चालावें! ह्याहून स्वस्त शाळा ती कोणती?

आतां आपल्या घरचे दाखले. रेव्ह. नारायण वामन टिळकांस नवा करार मिळाला तो आगगाडींत. नागपुराहून राजनांदगांवाकडे जातांना डब्यांतील एका युरोपियन गृहस्थानें त्यांस तो दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांचा बाप्तिस्मा मुंबईंत झाला. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं चौपाटीजवळ शारदासदन उघडिलें. पुढें केडगांवास मुक्तिसदनांत शेंकडों स्त्रिया व मुलींचा प्रपंच सांभाळीत त्यांनीं इब्री व हेल्लेणी भाषांवरून संपूर्ण शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या व १९२४ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें. भूक, दुखणीं, हिशेब आणि विहिरीचें पाणी ह्यांची चिंता ज्या बाईस रोज होती, तिनें हें काम मोकळा वेळ पाहून केलें असेल काय?

कोणी म्हणेल, मोठ्यांचे दाखले आम्हां लहानांस काय कामाचे? म्हणून गेल्या वर्षीं जून महिन्यांत आमच्या मंडळींतील नऊ कुटुंबांनीं व मीं मिळून एक महिना वाचन केलें, त्याचा वृत्तांत देतों. ‘मी रोज अर्धा तास वाचीन’ असें कोणीं म्हणावयाचें नाहीं, हा आमचा नियम. ‘चहाचें आधण ठेविल्यापासून तें उतरेपर्यंत वाचीन’ असें म्हणावयाचें. वाचन कोणत्या कामास बांधिलें तें प्रत्येकानें पहिल्या दिवशीं वहींत लिहिलें.

लालबागेंत एक भगिनी डब्यांसाठीं पोळ्या करून देते. पहाटे चारास तिचे हात कणकेंत जातात ते नवापर्यंत निघत नाहींत. पुस्तक धरणें अशक्य. तिचा मुलगा नववींत आहे; त्यानें ओट्याजवळ उभें राहून लूकचा एक अध्याय मोठ्यानें वाचावा असें ठरलें. साधारण अध्यायास सात-आठ मिनिटें लागतात, लांब अध्यायास अधिक. चवथ्या दिवसापासून ती बाई वेळ पोळ्यांत मोजूं लागली. पहिला अध्याय मोठा, त्यास बावीस पोळ्या लागल्या, असें तिनें मला हिशेबासह सांगितलें. त्या मुलाचें वाचन पूर्वीं अडखळत असे. महिन्याअखेर तो मंडळीसमोर शास्त्रपाठ वाचूं लागला. ही कमाई कोणीं योजिली नव्हती.

एक बंधु, जेथें पूर्वीं गिरणी होती तेथील इमारतीवर, रात्रपाळीचा पहारेकरी आहे. दोन वाजल्यानंतर फाटक क्वचितच उघडतें. त्यानें नीतिसूत्रें घेतलीं. त्यांचे अध्याय ३१, म्हणजे महिन्याच्या तारखेचा अध्याय वाचावयाचा, शोधाशोध नाहीं. दहाव्या दिवशीं त्यास दिवसपाळी मिळाली आणि त्याची गांठ सुटली. तो दोन दिवस तसाच राहिला. मग त्यानें वाचन दुपारच्या डब्यास बांधिलें. ही गोष्ट मुद्दाम सांगतों, कारण खेड्यांतही सुगी आली, पेरणी आली कीं दिवसाचा क्रम बदलतो, आणि मग वाचन बंद पडतें तें पुढच्या नाताळापर्यंत. काम बदललें तर त्याच आठवड्यांत दुसरें काम शोधून त्यास गांठ मारावी.

कचेरींत जाणाऱ्या एका तरुणाचा अडथळा मोबाईल हा होता. हल्लीं पवित्र शास्त्र मोबाईलवरही मिळतें, ही मोठी सोय आहे. ज्यास अक्षर बारीक दिसतें तो तें मोठें करूं शकतो. परंतु त्याच यंत्रांत निरोप येतात, चित्रें हालतात, आणि दुसऱ्या वचनावरून मन कोठें जाईल त्याचा नेम नाहीं. त्यानें उपाय केला तो साधाच : पिशवीच्या वरच्या खणांत पुस्तक, मोबाईल डब्याच्या खालीं. गाडींत बसल्यावर हात आधीं पुस्तकास लागे.

माझें वाचन असें होतें. सकाळीं दार उघडण्यापूर्वीं लूकचा एक अध्याय. २४ अध्याय, म्हणजे रविवार सोडून जवळजवळ एक महिना. आणि दादर ते चर्नी रोड ह्या गाडीच्या प्रवासांत दोन पुस्तकें : बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ व लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’. दादरनंतर प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, मग चर्नी रोड. धीम्या गाडीस वीसेक मिनिटें लागतात. बसावयास मिळालें तर आठ पानें होतात, उभ्यानें चार. उभ्यानें वाचावयाचें तर पुस्तक हलकें पाहिजे, हें ज्ञान सेमिनरींत कोणीं दिलें नव्हतें. एस. टी.च्या धक्क्यांत डोळे दुखतात हें मी जाणतों, पण एस. टी.ची वाट पाहण्यांत खेड्यांतील मनुष्याचा जो काळ जातो, तेवढा आमच्या गाडींत कधीं मिळत नाहीं.

दुसऱ्या आठवड्यांत पावसानें एक दिवस गाड्या थांबल्या आणि मंडळींत दोन मरणें झालीं. तीन दिवस पुस्तक उघडलें गेलें नाहीं. अशा वेळीं चवथ्या दिवशीं चार दिवसांचें वाचन एकदम भरून काढूं नये. शेतकरी चुकलेल्या पाळीचें पाणी एका दिवसांत देऊं लागला तर वाफा फुटतो. त्या दिवसाचें तेवढेंच वाचावें. महिना दोन दिवस पुढें गेला तर जाऊं द्यावा.

पुस्तकांविषयीं माझें मत. ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचें आहे. त्याची भाषा आज जड लागते, आणि गोष्ट चालली असतां मध्येंच पंतोजी बोलूं लागल्यासारखें होतें. तरी यमुना नवऱ्याबरोबर गांवोगांव फिरते आणि प्रत्येक मुक्कामीं विधवांचीं दुःखें पाहते, तेव्हां वाचणारा खालीं ठेवूं शकत नाहीं. आणि त्या काळीं एका तरुण ख्रिस्ती मनुष्यानें हें लिहिलें ह्याचें आश्चर्य वाटतें. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ सालापासून भागाभागानें निघालीं. लक्ष्मीबाई शाळेंत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर पतीपासून झाली. त्यांच्या लिहिण्यांत एकही शब्द दाखविण्यासाठीं घातलेला नाहीं. हंसतां हंसतां डोळ्यांत पाणी येतें, आणि शिवाशिवीचा विटाळ एका ब्राह्मण बाईच्या मनांतून कसा निघून गेला तें त्यांत वाचावयास मिळतें; तें आपल्या मंडळ्यांनीं, जुन्या जातींच्या रेषा ज्यांच्यांत अजून पुसल्या नाहींत, मुद्दाम वाचावें. पोळ्या करणाऱ्या भगिनीस लूक संपल्यावर हेंच पुस्तक दिलें. आठ दिवसांनीं ती म्हणाली, ‘पाळकसाहेब, ह्या बाई आमच्यासारख्याच बोलतात कीं!’

नऊ कुटुंबांपैकीं सहांनीं महिना पुरा केला. एका वृद्ध सभासदांनीं मला म्हटलें, ‘ह्या महिन्यांत तुमचे उपदेश आंखूड झाले.’ ही स्तुति होती असें मी समजतों.

येथें उपदेशक बंधूंशीं थोडें स्पष्ट बोलतों. जो वाचीत नाहीं त्याच्यापाशीं हळूहळू तीन उपदेश उरतात : उधळा पुत्र, हरवलेलें मेंढरूं आणि जक्कय. तिन्ही उत्तम, तिन्ही लूकमध्यें सांपडतात. पण लूकमध्यें २४ अध्याय आहेत. पूर्वीं मंडळीस दुसरा कोणी ऐकावयास मिळत नसे, म्हणून हें चालून गेलें. आतां गांवच्या प्रत्येक घरीं मोबाईल आहे, आणि रात्रीं त्यांतून अनोळखी उपदेशक बोलत असतात. कोणी रोग बरे करण्याचें आश्वासन देतो, कोणी जगाच्या अंताची तारीख सांगतो, कोणी पैसे मागतो. सकाळीं तरुण पोरें येऊन विचारतात, ‘हें शास्त्रांत आहे काय?’ बिरुयांतील लोक पौलाचेंही बोलणें रोज शास्त्रांत शोधून पाहत (प्रे. कृ. १७:११). ज्या गांवांत शोधून पाहणारा एकही नाहीं तेथें जो मोठ्यानें बोलेल त्याचा कळप.

शास्त्र असतां इतर पुस्तकें कशास, ही शंका पुष्कळ भाविक माणसें विचारतात, व ती टाकाऊ नाहीं. इफिसांतल्या लोकांनीं आपलीं जादूचीं पुस्तकें जाळिलीं, त्यांची किंमत पन्नास हजार रुप्याचीं नाणीं झाली, असें प्रेषितांच्या कृत्यांत आहे; म्हणजे प्रत्येक छापील कागद डोक्यावर घ्यावा असें नाहीं. परंतु दानीएल ग्रंथ वाचून यरुशलेमेच्या सत्तर वर्षांचा अर्थ समजला. मोशे मिसरी विद्या शिकला. पौलानें अथेनैत हेल्लेणी कवींचा आधार घेतला, आणि आपल्या लोकांनीं काय वाचिलें आहे हें ठाऊक असल्याशिवाय तो घेतां येत नाहीं. माझा क्रम असा : शास्त्र पहिलें व घरीं, दुसरें पुस्तक वाटेनें. दुसऱ्यानें पहिल्याची जागा घेतली तर दुसरें मिटावें.

पुस्तकें मिळत नाहींत अशी तक्रार मात्र अर्धीच खरी आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, आणि मराठी नवा करार त्यांच्या छापखान्यांत १८२६ सालीं छापून निघाला. तेरा वर्षें त्यांनीं भाषा शिकण्यांत, खिळे जमविण्यांत व माणसें पुरण्यांत घालविलीं. आपणांस फक्त तालुक्यास जावयाचें आहे. १९६७ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत अनुदान मिळणारीं सार्वजनिक ग्रंथालयें आहेत, लहान गांवांतही. तेथें वर्गणी थोडी असते. तेथें ‘स्मृतिचित्रें’ मागावें. नसेल तर मागणी लिहून द्यावी. मुंबईस येणें झालें तर १८९८ सालीं स्थापन झालेलें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरास आहे, तें पाहून जावें.

आणखी एक गोष्ट. परळास टाटा रुग्णालय व के. ई. एम. रुग्णालय असल्यामुळें महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतून लोक तेथें येतात, आणि नातलग दादरच्या धर्मशाळेंत किंवा रस्त्याच्या कडेला राहतात. त्यांस भेटणें हें माझ्या सेवेचें एक काम आहे. गेल्या पावसाळ्यांत मराठवाड्यांतील एक वृद्ध उपदेशक आपल्या पत्नीस घेऊन आले होते. पहाटे पांचापासून नंबर धरावयाचा, दुपारीं तपासणी, मग अहवालाची वाट. असे चाळीसांहून अधिक दिवस गेले. मीं त्यांस एक पुस्तक नेऊन दिलें. चार दिवसांनीं पाहतों तों खूण पहिल्याच पानांत. ते म्हणाले, ‘पाळकसाहेब, तीस वर्षें मला वेळ मिळाला नाहीं. येथें वेळच वेळ आहे, पण अक्षरावर नजर ठरत नाहीं.’

त्यावर मला बोलतां आलें नाहीं. पण लहानपणीं मिशनच्या वसतिगृहांत, दिवे मालविण्यापूर्वीं रोज एक स्तोत्र म्हणवून घेत असत. त्यांतलीं चौदा-पंधरा त्यांस अजून पाठ होतीं. संध्याकाळीं तीं ते पत्नीच्या खाटेजवळ बसून हळू आवाजांत म्हणत. शेजारच्या खाटेवर सोलापूरकडची एक हिंदु बाई होती. तिसऱ्या दिवशीं तिनें आपल्या मुलास सांगितलें, ‘त्या बाबांना थोडं मोठ्यानं म्हणायला सांग रे.’ मुलगा येऊन भीत भीत विचारूं लागला, आणि त्या दिवसापासून ते दोन खाटांच्या मध्यें स्टूल ठेवून बसूं लागले. साठ वर्षांपूर्वीं कोणीतरी मुलांचें स्तोत्र मालविण्याच्या दिव्यास बांधिलें होतें. तें अद्याप सुटलें नव्हतें. पत्नीचें औषध सुरूं करून ते गांवीं परतले तेव्हां मीं दिलेलें पुस्तक त्यांनीं परत केलें, आणि मोठ्या अक्षराचें स्तोत्रांचें पुस्तक मागून घेतलें. नात वाचून दाखवील, म्हणाले. ती रोज संध्याकाळीं शेळ्या बांधून घरांत येते, त्यानंतर लगेच.

पुढील महिन्यासाठीं वाचन असें घ्यावें. ज्यांस सवय नाहीं त्यांनीं लूक, दिवसास एक अध्याय. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे, तो दोन दिवसांत घेतला तरी चालेल. ज्यांचें लूक झालें आहे त्यांनीं प्रेषितांचीं कृत्यें, २८ अध्याय. स्तोत्रें १५० आहेत. सकाळ-संध्याकाळ मिळून पांच म्हटलीं तर ३० दिवसांत पुरीं होतात, पण ११९ वें त्याच्या दिवशीं एकटें घ्यावें व उरलेलीं दुसऱ्या दिवसांत वांटून द्यावीं. उपदेशकांनीं ह्याशिवाय एक दुसरें पुस्तक धरावें, पानें दिवसास सहांहून अधिक ठरवूं नयेत. वहींत रोज एकच ओळ लिहावी : आज जें वाचिलें त्यांतलें कोणास सांगितलें. नांव लिहितां येत नसेल तर ती ओळ कोरी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीं कोणास तरी गांठावें.

वर्गांत विचारावयाचें : माझ्या दिवसांतील कोणतें काम एकाही दिवशीं चुकत नाहीं? तें प्रत्येकानें मोठ्यानें सांगावें, म्हणजे घरच्यांस माहीत होईल. आपल्या वस्तींत वाचणारें एक मूल कोणतें, आणि त्यास येत्या नाताळास वाटीऐवजीं कोणतें पुस्तक द्यावयाचें? ज्या घरांत कोणासच अक्षर येत नाहीं तीं घरें मोजावीं, आणि बुधवारच्या प्रार्थनेनंतर हा पाठ तेथें जाऊन वाचून दाखवावा. दिवा आपला न्यावा.